गंजाडच्या घरातलं शून्य

डहाणू, बुधवार संध्याकाळ, ऑगस्ट १९५८

ते शून्य मी माझ्या हाताने घातलं.

गावोगावहून चिठ्ठीने येणारे कॉलऱ्याच्या रोग्यांचे आकडे मी तक्त्यात भरतो आणि रोज चारला ठाण्याला तार करतो. तारेत रेघा नाहीत, गावांची नावं नाहीत, नुसते आकडे एका ओळीत. ठाण्याचा कारकून त्याच क्रमाने ते पुन्हा तक्त्यात मांडतो. आज गंजाडची चिठ्ठीच आली नाही. तक्त्यातलं तिचं घर रिकामं. गाळलं असतं तर पुढची सगळी गावं एकेक घर सरकली असती. हेडक्लार्क भाऊसाहेब म्हणाले, "शून्य टाक रे, एवढा काय विचार करतोस?" टाकलं. का टाकलं? रिकामं आणि शून्य एक नाही, हे मला कळत नव्हतं?

सहाला गंजाडचा कोतवाल आला, चिखलाने माखलेला. मी त्याच्यावरच ओरडलो, चिठ्ठी कुठाय?

"चिठ्ठी गुरुजी लिवतात ना, साहेब. गुरुजीच पडलेत. आख्खी आळी आजारी हाय."

धावत तार ऑफिसात गेलो. खिडकी बंद, आता सकाळी आठला उघडणार. लसीची जीप मात्र तक्ता बघून ठाण्याहून पहाटेच सुटते आणि जिथे रोगी मांडलेत तिथेच थांबते. भाऊसाहेब म्हणतात, उद्याच्या तारेत दुरुस्त कर.

उद्या! पहाटे सायकल घेऊन मी गंजाडच्या रस्त्यावर उभा राहणार. भाऊसाहेबांना काय म्हणायचं ते म्हणोत. नाहीतर चारोटीहून वळलेली जीप गंजाडमधूनच पुढे, रोगी मांडलेल्या वरोरला जाईल आणि थांबणार नाही. गंजाडच्या घरात मी शून्य लिहिलंय.