तिसरं कडवं

२ डिसें.
तालीम. मुग्धाने ह्यांच्या चार कवितांना चाल लावलीये, आम्ही बायकांनी मिळून गायची. एक गट वरच्या सुरात, एक खालच्या. मी खालच्यात. जन्म भजनात गेला, त्यामुळे शेजारणीने आवाज उचलला की मीही वर. मुग्धा म्हणते, "काकू, परत गेलात." गेले खरी.

५ डिसें.
घरी सराव. हे समोर खुर्चीत. झटका आल्यापासून एक शब्द नाही. स्वतःच्या कविता ओळखतात का, डॉक्टरही सांगू शकत नाहीत. मला तेवढंच कळायला हवंय. कालव्यावरची म्हटली. मधेच ह्यांनी खुर्चीच्या दांडीवर हात आपटला. पाणी दिलं, प्यायले नाहीत.

८ डिसें.
पुन्हा हात. त्याच जागी. मुग्धाने तिथलंच तिसरं कडवं गाळलंय, गाणं लांबतं म्हणून. मग त्यासकट म्हणून बघितलं. हात आपटला नाही. योगायोग असेल.

९ डिसें.
वन्सं आल्या, कळंबहून. त्यांना सांगितलं.
"आगं, कळतंय त्याला समदं. आमच्या आबांचा बैल हाय त्या कडव्यात. गाळून कसं चालंल?"
बैल आहे खरा. मी चारही कवितांत कुठे नाही. असो.

१२ डिसें.
मुग्धाला म्हटलं, कडवं घे.
"काकू, दोन सूर बसवायला वेळ कुठंय?"
एकाच सुरात म्हणू.
"मग भजन होईल ते."
होऊ दे. तोंड वाकडं केलं, पण ऐकलं पोरीने.

२१ डिसें.
बारामतीत कार्यक्रम झाला. ह्यांच्या इंदापूरच्या शाळेतले जुने मास्तर लोक आले होते. भजनासारख्या त्या कडव्यालाच टाळ्या. मुग्धा जरा नाराज. मी गाताना ह्यांच्याकडेच बघत होते. हात शालीवर, नजर दिव्यांकडे. हलले नाहीत.

२२ डिसें.
सकाळपासून फोन. ह्यांनी किती शांतपणे ऐकलं म्हणे. ऐकलं, की नुसते बसले होते?
दुपारी दोघंच घरात. कडवं गाळून एकदा म्हटलं की कळणार होतं. पहिली दोन म्हटली आणि थांबले. भीती वाटली. हात आपटला, तर हा माणूस इतके दिवस आत एकटा सगळं ऐकत बसलाय. नाही आपटला तर
तिसरं म्हटलं. मग चौथं.