फिके पडलेले धागे

प्रिय सरकार,

ताईंकडे जाऊन तुला आठवडा झाला. मी कुंड्यांना पाणी घालतो, बहुतेक जास्तच, कारण पानं पिवळी पडलीत. दूध रोज उतू जातं.

प्रयोगशाळेतली माझी नोकरी तुला तोंडपाठ आहे. उंदराच्या मेंदूच्या पातळ चकत्या कापायच्या, रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. नराच्या मेंदूत व्हॅसोप्रेसिन नावाचं रसायन असतं, ओळखपाळख, जवळीक असल्या गोष्टींत लुडबुड करणारं. ते असलेले मज्जातंतूंचे धागे गडद तपकिरी दिसायचे. अंडकोश काढलेल्या नरांत ते काही आठवड्यांत फिके पडायचे, टेस्टोस्टेरॉन दिलं की पुन्हा गडद. मी हे जेवताना रंगवून सांगायचो. तू म्हणायचीस, निदान ताटावरून तरी उंदीर खाली उतरवा. त्या बिचाऱ्या नरांवर मी विनोदही करायचो. तू कधी हसली नाहीस.

गेले काही महिने मी हॉलमध्ये झोपतोय, फोन आला की गॅलरीत जातोय, आत येतो तो लालबुंद आणि घामाघूम. त्यात तू बाईचा आवाज ऐकलास. दुसरी कोणी आहे का, असं तू सरळ विचारलंस आणि मी मूग गिळून बसलो. खरं सांगतो, या वयातही तुला माझा असा संशय येतो याचं क्षणभर बरं वाटलं. तू बॅग भरलीस तेव्हाही मी दारात नुसता उभा होतो. त्याची इतकी लाज वाटते की दाढी करताना आरशात बघवत नाही.

दुसरी कोणी नाही. ती दवाखान्यातली नर्स, इंजेक्शनची आठवण करून देते. मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. आटोक्यात राहील म्हणतात, पण त्यासाठी माझं टेस्टोस्टेरॉन बंद केलंय. घाम त्याचाच, वेगळं अंथरूणही त्यामुळेच. डॉक्टर म्हणतात, माणसाचा मेंदू म्हणजे उंदराचा नव्हे, उगाच ताळा जुळवू नका. माझे धागे किती फिके झालेत कोण जाणे. काल दाराशी तुझी जुनी चप्पल दिसली आणि मी हमसून हमसून रडलो. आपला नवरा आता पूर्वीसारखा पुरुष राहिला नाही, हे तुला कळण्यापेक्षा बाहेरख्याली ठरणं मला सोपं वाटलं. त्यासाठी तुला रडवलं. पुढचं इंजेक्शन सोमवारी आहे. सोबत कोण येणार, असं नर्सने विचारलं. तुला न विचारताच मी सांगून बसलोय, बायको येईल.

तुझाच,
उंदीरवाला