तळ्याकाठच्या रस्त्याला बारा फूट वावर

चि. चंद्रभान आणि चि. नलू यांस,

चंद्रभान, तुझी कंबर कशी आहे? सूनबाईचा खोकला थांबला का? नलू, जावईबापूंचं पथ्य चालू आहे ना? तुमची आई ठीक आहे. मला मात्र ओट्याच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून हा कागद आताच करतो.

मी नानाजी महादेवजी भोयर, वय एकाहत्तर, राहणार नाचणगाव, पूर्ण शुद्धीत लिहितो की हे माझं मृत्युपत्र. कोणाचा दाब नाही. असलाच तर माझ्या मनाचा आहे.

राहतं घर तुमच्या आईचं. ती असेतो वाटणीची गोष्ट काढू नये. पोस्टातली शिल्लक नलूची; तिच्या आंदणात मी हात आखडला होता, पोरीनं कधी बोलून दाखवलं नाही. मोतीलालशेठनं शिडी नेली ती आणलीच नाही. तिच्यावरून कोणी भांडू नये, मी भरपूर भांडलो.

नवी बैलगाडी तानबाची. कारण गावाला ठाऊक आहे, तरी लिहितो. रस्त्याची तळ्याकडची कड खचली, तेव्हा बांधकाम खात्याच्या साहेबांनी तळ्यातच मुरूम भरायचं काढलं. जुन्या रुंदीत खड्डे बुजवायला परवानगी लागत नाही, पाणथळीत भराव घालायला लागते, हे मी वाचलं होतं. तळ्यातल्या बदकांचा हवाला देऊन अर्ज केला. काम थांबलं. साहेब म्हणाले, "तळं वाचवता ना नानाजी? मग समोरच्या तुमच्या वावरातून बारा फूट द्या, रस्ता तिकडे सरकवतो."

मी म्हटलं, "वावर काऊन देऊ? नियम तर तळ्याचा आहे."

कागद कचेऱ्यांतून फिरत राहिला. पावसात तिथेच तानबाची गाडी घसरली, त्याच्या बायकोचा, शोभाबाईचा, उजवा हात चाकाखाली गेला. तानबा दारात येऊन म्हणाला, "काकाजी, तुमचे बदकं राह्यले. माह्या घरी आता भाकर कोण थापते?"

तळ्यात मुरूम पडू नये, असं मी आजही म्हणतो. पण माझं वावर जसंच्या तसं राहिलं, हे घशाखाली उतरत नाही. म्हणून रस्त्यालगतची बारा फुटांची पट्टी रस्त्याला द्यावी. तिच्यातली लिंबं तुमच्या आईनं लावलेली. तिला विचारलं, तर म्हणाली, "तोडा. शोभाले पाहून मले ते लिंबू गोड लागत नाई."

चंद्रभान, सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे. माझा हिस्सा मी कचेरीत आताच लिहून दिला, तुझा मला देता येत नाही. दिवाळीत तू म्हणालास, "बाबा, अर्ज तुमचा, आन् वावर माहं काऊन?" बरोबर बोललास. पण तुझ्या संमतीशिवाय रस्ता सरकत नाही, पावसाळा येऊन राह्यला, आणि तानबाची पोरं त्याच कडेनं शाळेत जातात. नाही म्हणायचं असेल तर तसं लिही. मी जिवंत असेतो पुन्हा विचारीन. उत्तर लवकर धाडजो.

सही: नानाजी महादेवजी भोयर

आमच्यासमोर सही केली:
१. प्रभाकरराव देशमुख
२. अण्णाजी कडू

मु. नाचणगाव, ता. देवळी, जि. वर्धा
दि. ११ एप्रिल १९८८