वीस पेट्यांची नोंद

११ नोव्हेंबर
हयातीच्या दाखल्यासाठी कट्टा गावच्या बँकेत. रांगेत पुढे माझ्याच वयाचा एक पेन्शनर. बाईंनी यंत्रावर उजवा अंगठा ठेवायला सांगितला. त्याने हात दाखवला. अंगठा नाही, शेजारची दोन बोटं नाहीत. डावा चालला.

बाहेर चहा घेतला. दत्ताराम, तोफखान्यातला निवृत्त हवालदार, घर कट्ट्यातच. बोटं कशी गेली, मीच विचारलं. कशाला विचारलं.
"लढायेत. तोफेतली दारू उशिरान पेटली." महिना, तोफ, ठाणं, सगळं आपणहून सांगितलं. मग, "तुमी खंय होतात?"
"दारूगोळ्याच्या डेपोत. स्टोअरकीपर." कुठला डेपो ते बोललो नाही. त्या ठाण्यावर माल आमच्याकडूनच जायचा.

१२ नोव्हेंबर
इतक्या वर्षांत कागदावर उतरवलं नव्हतं.
मागणी यायची ती एका तोफेला दिवसाला किती गोळे, या हिशेबाने. लढाई पेटली तसा आकडा रोज वाढला. गोदामं भरली, जादा पेट्या फलाटावर ताडपत्रीखाली. आठ दिवस पाऊस. दारूच्या पिशव्या दमट झाल्या की पेटायला वेळ लावतात, हे मला पक्कं ठाऊक. आम्हाला सांगितलेलं, लॉटमागे वीस पेट्या उघडायच्या, ओल मोजायची, आकडे लिहायचे. मालगाडी उभी, साहेब दर दहा मिनिटांनी डोक्यावर. चार उघडल्या. चारही बऱ्या निघाल्या. उरलेल्या सोळांचे आकडे बसल्या जागी लिहिले, सही केली.
त्या खराबच होत्या असं नाही. पण...

१५ नोव्हेंबर
दत्तारामाकडे गेलो, सांगायलाच. तोच बोलायला लागला.
"दोरी ओढलंय, तोफ उडाक नाय. थांबलंव. माका वाटला, बरोच वेळ झालो. तोफेचा मागचा दार उघडलंय आणि पेटली. माझो जोडीदार महादेव बाजूक होतो. जाग्यारच गेलो."
चौकशी झाली. "दारू सुकी होती, वीस पेट्ये तपासल्याची नोंद आसा, असा सांगलंनी. म्हणजे चूक माझी. घाई केलंय."
महादेवच्या बायकोला त्याने आजवर तोंड दाखवलेलं नाही.
वीस. त्याला आकडासुद्धा पाठ.
चहा पिऊन परत आलो.

१८ नोव्हेंबर
रजनीला सांगितलं. लग्नाला अडतीस वर्षं, पहिल्यांदाच. बांगडे साफ करत होती, हात थांबला.
"त्येका सांगा."
"ती पेटी माझ्याच लॉटातली कशावरून?"
"ता त्येका ठरवू दे. तुमी कित्याक ठरवतात?"

२१ नोव्हेंबर
सांगितलं. त्याच्या पडवीत. सून चहा ठेवून आत जाईपर्यंत तेवढा थांबलो. शिव्या देईल वाटलं होतं. त्याने विचारलं, "किती उघडलंस?" तुमीचा तू झाला.
"चार."
मग म्हणाला, "इतकी वर्सां सपनात मी ता दार बंद ठेवतंय." आणि, "घराक जा आता."

२३ नोव्हेंबर
त्याचा फोन. मी म्हटलं, लिहून देतो, जबाब, अर्ज, लागेल ते.
"तुझो कागद माका बघूचो नाय. महादेवच्या बायलेक तोंडान सांग. मी बाजूक बसतंय."

२६ नोव्हेंबर
महादेवचं गाव घाटावर, कोल्हापूरकडे. त्याच्या बायकोचा नंबर दत्तारामाकडे होता, त्याने कधी लावला नव्हता. मी लावला. नाव सांगितलं, डेपो सांगितला, दत्ताराम माझ्याबरोबर येईल म्हणालो.
"ते आहेत अजून?" तिने विचारलं. मग, "एकदाही यावंसं वाटलं नाही त्यांना?"
शुक्रवारी येतो म्हटलं. हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही.
दत्तारामाला कळवलं. तो खोकत होता की रडत, फोनवर समजलं नाही.
रजनीने डब्याचं विचारलं. दोघांचा कर म्हणालो. एसटीत तो माझ्या शेजारी बसेल की वेगळा, माहीत नाही.