आबांच्या घोंगडीचा तुकडा

रविवार, मे १९९४, मुकुंदवाडी

गाडीचा एसी गरम हवाच फेकत होता. कंपनीत एवढाल्या मशिनी दुरुस्त करतो मी, आणि घरच्या गाडीनं दुपारभर घाम काढला. एसीचा पट्टा ठीक. गॅस गळतोय का बघायला जोडांवर साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा नाही. मग पुढच्या जाळीमागं आबांच्या घोंगडीचा तुकडा दिसला, घट्ट कोंबलेला. एसीच्या तापलेल्या नळ्यांना वारा लागणार कुठून?

आबांवर ओरडलोच. जन्मभर मेंढरं राखलेले माझे वडील हळूच म्हणाले, "लई धूळ हाय रं. गाडीच्या नाकातोंडात जायची."

तुकडा काढला, गार हवा आली. शेजारी बसलेले आबा कुडकुडायला लागले, पण बंद कर म्हणेनात. तोच तुकडा झटकून त्यांच्या गुडघ्यांवर टाकला.