साखळीतला एक फोन

नेब्रास्का, ९ नोव्हेंबर १९९४

प्रिय अल्विना,

तुझा गुडघा कसा आहे? आमच्याकडे मका निघाला. थँक्सगिव्हिंगच्या टर्कीचं ताट यंदा तुझ्याकडे की माझ्याकडे, हे तू अजून कळवलेलं नाहीस. फोनही उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर; आज रात्रीच तुझ्या दाराखालून सरकवते.

डॉक्टर ह्रुबी बरे आहेत. गोळी डाव्या खांद्यातून निघाली, हाड जोडलंय. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर मला म्हणाले, "व्हर्ना, पेशंट घरी पाठवल्या ना? की बसवून ठेवल्यास?" असा माणूस! क्लिनिकच्या दाराशी उभे राहून तुमच्या चर्चची मंडळी त्यांना खुनी म्हणतात. गर्भपात करतात म्हणून. तुझं-माझं यावर कधी पटलं नाही, आणि आता पटवायचंही नाही.

काल तुझी शेजारीण लॉरेन आली होती. कोट न काढता माझ्या स्वयंपाकघरात रडत बसली. "आम्ही तर त्याचं मन पालटावं म्हणून प्रार्थना केली गं," म्हणाली. मी म्हटलं, "कसली प्रार्थना? नीट सांग."

मग कळलं. गोळीबाराच्या आधीच्या रविवारी तू माझ्याकडे जेवायला होतीस, तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. दर आठवड्याला ते रस्ता बदलतात आणि मी क्लिनिकचं मागचं फाटक उघडून ठेवते. मी रस्ता मोठ्याने परत म्हणत लिहून घेतला, तू शेजारी बटाटे सोलत होतीस. घरी जाऊन तू प्रार्थनेची साखळी सुरू केलीस: एकीने दुसरीला फोन, दुसरीने तिसरीला. तुमच्याकडे मोघम प्रार्थना चालतच नाही ना! देवाला सगळं तपशिलात सांगायचं. "गुरुवारी सकाळी, जुन्या डेअरीच्या रस्त्यावर, देवा, त्या माणसाला अडव."

अगं, देवाला रस्ता सांगावा लागतो का?

तू वाईट हेतूने केलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. मुंगी चिरडली तरी हळहळणारी तू. पण लॉरेन आणखी एक बोलली. साखळी पूर्ण झाल्यावर कुणीतरी तुला उलटा फोन केला आणि गाडी कोणती, ते विचारलं. तू सांगितलंस, "तपकिरी, मागून लांब." हे तूच तिला हसत हसत सांगितलंस. फोन करणाऱ्याचं नाव मात्र सांगितलं नाहीस. आणि शेरीफ दारात आले तेव्हा म्हणालीस, "आठवत नाही."

तुला आपल्या आईच्या लग्नातल्या केकची चव आठवते, जी तू चाखलीच नव्हतीस. आणि परवाचा फोन आठवत नाही?

मला राग आलाय, अल्विना. भीतीही वाटते. तो माणूस सापडलेला नाही. कदाचित रविवारी तुझ्याच बाकावर बसून भजनं म्हणत असेल, तुझ्या हातचा ॲपल-पाय खात असेल.

क्लिनिक उद्या, गुरुवारी उघडतंय. डॉक्टरांचा हात गळ्यात बांधलेला आहे, गाडी चालवता येत नाही. ड्रायव्हर म्हणून यायला कुणी तयार नाही, म्हणून मी जाणार. त्यांना मागच्या सीटवर आडवं झोपवणार. पुढे मी एकटीच दिसेन.

शेरीफला फोन करायला तुझ्याकडे उद्या सकाळपर्यंत वेळ आहे. नाहीतर त्या गाडी विचारणाऱ्याला कर, आणि सांग की यावेळी गाडी माझी निळी आहे.

स्टिअरिंगवर असेन,
तुझी धाकटी,
व्हर्ना