जोड्यांची तोंडं

तीर्थस्वरूप शुक्रियेताईस,

तुझा उजवा हात चुंबून कपाळाला लावते. (डावा नाही. डाव्या हाताने तू मला लहानपणी बदडायचीस, तो राग अजून गेलेला नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? गाय व्याली का? सगळं ठीक असेल तर देवाची कृपा. नसेल तर आत्ता कळवू नकोस, कारण मी इतकी संतापले आहे की दुसऱ्याचं दुःख ऐकून घ्यायला माझ्यात जागा उरलेली नाही. काल कोन्याहून परत आले. तिथे जे झालं ते तुझ्या कानावर आलंच असेल, तुमच्या ओर्दूच्या बायकांना बातमी कळायला पत्र लागत नाही. म्हणून खरं काय ते मीच लिहिते. आणि आधीच सांगून ठेवते, यात चूक तुझी आहे.

आमच्या चिरंजीवांचं तुला माहीतच आहे. बाप गेला, उतारावरची हेझलनटची बाग एकट्या आईच्या गळ्यात घातली, आणि रिद्वानसाहेब कोन्याला नेजाती देदे नावाच्या दरवेशी गुरूंच्या घरी गोल गोल फिरायला शिकतायत. अगं, फिरायचंच होतं तर बागेत फिर की! झाडांभोवती फिर, तण तरी निघेल. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, आई, आमचा निकाल आहे, सेमा बघायला ये, म्हणजे तेच ते गोल फिरणं. सेमा संपला की ज्याला ठेवून घ्यायचं नाही त्याचे जोडे दारात बाहेर तोंड करून ठेवतात. कोणी कोणाला बोलत नाही, कोणी विचारत नाही, ज्याने त्याने समजून जोडे घालायचे आणि निघायचं. असं काहीतरी तो म्हणाला म्हणे. माझा कुकर शिट्ट्या मारत होता, मला यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. हे नीट लक्षात ठेव, पुढे लागेल. मी एवढंच ठरवलं की जायचं, त्याचा कान धरायचा, आणि त्याला घेऊन परतीच्या बसमध्ये बसायचं.

प्रवासाचं काय सांगू! रिद्वानला आवडतात म्हणून खारवलेल्या हमसी मासळीचा डबा घेतला होता. सामसुन मागे पडलं आणि डबा गळायला लागला. पुढच्या बाकावरची बाई नाकाला रुमाल लावून माझ्याकडे वळून वळून बघायला लागली, जणू वास माशांचा नाही, माझाच येतोय. बसमधला पोऱ्या हाताला लावायचं लिंबाचं सुगंधी कोलन वाटत आला, सगळ्यांच्या तळहातावर चार थेंब आणि माझ्या पायांवर अख्खी बाटली! मी त्याला म्हटलं, अरे शहाण्या, समुद्र बघितलायस का कधी? तर म्हणतो, आजी, आज वास घेतला. आजी! मला! अंकारा येईपर्यंत मी त्याच्याशी भांडत होते.

देदेंकडे पोचले ती भांडायच्या तयारीनेच. पण ताई, त्या माणसाशी भांडताच येत नाही. मी म्हटलं, तुम्ही माझं पोर पळवलंत. ते म्हणाले, खरं आहे, बाई. म्हटलं, माझी बाग ओसाड पडेल. म्हणाले, खरं आहे, बाई, चहा घ्या. (आपल्या भावजींसारखेच. तू इतकी वर्षं कसा संसार केलास ते मला त्या दिवशी कळलं.) आणि आमचा राजपुत्र कुठे, तर स्वयंपाकघरात कोपरापर्यंत बाह्या सारून कढई घासतोय! घरी ज्याने कधी स्वतःचा चहाचा पेला विसळला नाही! वर मला दाखवतो काय, एक लाकडी फळी, तिच्यात एक गुळगुळीत खिळा. तो पायाच्या दोन बोटांत धरायचा आणि त्याच्याभोवती फिरायचं, आणि कातडं सोलवटू नये म्हणून खाली मीठ टाकायचं. मी मासे खारवते, हे माझं पोर खारवतायत. त्याचा पाय हातात घेतला तर बोटांमध्ये ही भेग! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, चल घरी, आत्ताच्या आत्ता. तर म्हणाला, आई, आजचा सेमा बघ, मग बोल.

बघितला. आम्हा बायकांना वरच्या सज्जात बसवलं होतं. खाली पोरांनी काळे झगे उतरवून तसेच जमिनीवर टाकले, एकानेही घडी घातली नाही. मग एकेक जण देदेंपुढे वाकून फिरायला लागला. एक हात वर, एक हात खाली, पांढरे घेर फुललेले. ताई, तुझ्याशी खोटं कशाला बोलू, रिद्वान देखणा दिसत होता. मान त्याच्या बापासारखीच एका बाजूला कललेली, बाग उतरताना तो करायचा तशी. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. बाहेर बर्फ पडतंय, आणि याच्या अंगात पातळ पांढरी बंडी! मी हळूच म्हटलं, रिद्वान, स्वेटर कुठंय तुझा? (आपण या डोंगरावरून त्या डोंगरावर हाका मारणारी माणसं, आपलं हळू म्हणजे काय ते तुला माहीत आहे.) रिद्वानचा पाय चुकला, तो शेजारच्या काटकुळ्या पोरावर आदळला, बासरीवाल्याचा सूर सुटला. देदेंनी नुसते डोळे मिटले. एका बाईने माझा दंड धरून, चला ताई, पाणी प्या, असं म्हणत मला खाली नेऊन सोडलं. तिची बोटं अजून दुखतायत.

आता इथे तुझी चूक येते. खाली स्वयंपाकघराच्या दारात शिकाऊ पोरांचे जोडे एका ओळीत होते, सगळे आत तोंड करून. पाहुणे आत बसले की त्यांचे जोडे वळवून ठेवायचे, निघताना त्यांना खटपट पडू नये, हे मला कोणी शिकवलं? तू! एकदा वळवायचे विसरले तर त्यातलाच एक जोडा उचलून मला हाणलास! मग मला दुसरं काय सुचणार? सेमा संपून आत प्रार्थना चालू होती, हात रिकामे होते, मी वाकले आणि सगळे जोडे नीट बाहेर तोंड करून ठेवले. चिखल लागलेला तोही पुसला, माझ्या रुमालाने.

पोरं बाहेर आली. पहिल्याने जोडे बघितले, त्याचा चेहरा पांढराफटक पडला. जोडे घातले आणि गेला. त्याच्यामागे दुसरा. तिसरा. हूं नाही की चूं नाही! ती काटकुळी मूर्ती तर जोड्यांना हात लावून रडली आणि फीत न बांधताच बर्फात निघाली. मला वाटलं, नमाजाला चाललेत. शेवटी दारात मी एकटी आणि आत चुलीवरचा भात, ढवळायला माणूस नाही. भात करपल्याचा वास आला तेव्हा देदे बाहेर आले. त्यांनी रिकामं दार बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या हातातल्या चिखलाच्या रुमालाकडे. मग जी धावाधाव झाली! एकाला ट्राममधून उतरवून आणलं. काटकुळ्याला एतलीएकमेकच्या दुकानात पकडलं, रडत रडत हातभर लांब खिमा-रोटी संपवत होता. रिद्वान बसस्थानकावर सापडला. सगळे दारात जमले, आणि मग बाकीचे, त्या नळकांडं फुंकणाऱ्या बासरीवाल्यासकट, मला बोलायला लागले. मीही सोडलं नाही. म्हटलं, दारावर पाटी लावा, इथे चांगलं वळण चालत नाही म्हणून!

देदे मात्र हसत होते. इतके, की भिंतीला टेकले. मग म्हणाले, जोडे फिरवणारा हात घरचा नव्हता, तेव्हा आजचा निकाल गेला वाहून, आणि तो मी पुन्हा लावणार नाही. सगळे आत या, करपलेला आहे पण भात आहे.

पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. माझ्या पोराने मला मारली का? तो माझ्यासमोर आला आणि म्हणाला, आई, तू हे मुद्दाम केलंस. मला घरी न्यायचं म्हणून सगळ्यांचं वाटोळं करायला निघालीस. बस्स, एवढंच. जेवताना माझ्याकडे बघितलंही नाही. मासेही खाल्ले नाहीत. ताई, मला फार लागलं. आणि निघाले तर माझे स्वतःचे जोडे, जे मी नेहमीप्रमाणे बाहेर तोंड करून काढले होते, ते कोणीतरी उलटे फिरवून आत तोंड करून ठेवलेले! माझ्या वयाच्या बाईला दारात गिरकी घ्यायला लावली. हे यांचे संस्कार! पुन्हा त्या घराची पायरी चढेन तर नाव लावणार नाही.

भावजींना सलाम. गाय व्याली तर कळव.

तुझी लहान बहीण (तुझ्यामुळे साऱ्या कोन्यात नाचक्की झालेली),
नाजिये

ता. क. खारवलेले मासे मीच खाल्ले, परतीच्या बसमध्ये, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून.

दुसरा ता. क. ऑगस्टमध्ये हेझलनट उतरवायला तुझे दोघे मुलगे पाठव. नाही म्हणू नकोस. रिद्वान येणार नाही.

तिसरा ता. क. तू विचारशील, आणायला गेली होतीस ना, मग? तर ऐक, आणि वाचून हे पत्र चुलीत घाल. सगळे जोडे आत तोंड करून नव्हते. एक जोडी आधीच बाहेर वळवलेली होती. टाचेला मी शिवलेलं ठिगळ होतं, मला ओळखायला वेळ लागला नाही. आणि कुकर त्या दिवशी चुलीवर नव्हताच, फोनवरचं सगळं मला ऐकू आलं होतं. त्याला काढावं, मी तेच तर मागायला गेले होते, ताई. गप्प बसले असते तर पोर माझ्यासोबत बसमध्ये असतं. पण एकदा पाय चुकला म्हणून? आणि तोही माझ्या हाकेने? माझ्या पोराला नालायक म्हणायचा हक्क माझा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही! डोकं असं फिरलं की बाकीच्यांचे सगळे धरून फिरवले, आता बघू कोणाला काढता म्हणून. देदेंनी ओळखलं असावं. रिद्वानला यातलं काही कळता कामा नये. त्याचा फोन आलाच तर माझ्या नावाने दोन शिव्या दे आणि म्हण, तुझी आई तशीच आहे. रागावू दे त्याला.

काल घरी आले तर त्याचे बागेतले रबरी बूट अजून दारातच होते, बाहेर तोंड करून, तो गेला त्या दिवशी मीच रागाने तसे ठेवले होते. पुसले, आणि आत तोंड करून ठेवले.